आजोबा तिसऱ्या दिवशी का उठले नाहीत? लहान मुलांना ईस्टरचा अर्थ कसा सांगावा

दवबिंदू

नमस्कार मंडळी. धागा काढायला मन धजत नव्हतं, पण ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ निम्म्याहून अधिक सरला आणि मी अजून अडलेलीच आहे.

माझी मुलगी पाच वर्षांची. गेल्या वर्षी तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, गेले. दोघांचं फार गूळपीठ होतं. परवा रात्री तिला प्रभू येशूची गोष्ट सांगत होते. वधस्तंभ, कबर, मोठी धोंड, आणि मग "तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला". ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती उठून बसली, बोटं मोजली आणि म्हणाली, "मग आजोबा का नाही उठले? ते पण चांगलेच होते ना?"

मला काही सुचेना. तोंडातून निघून गेलं, "देवबाप्पाला ते जवळ हवे होते गं." ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघताना माझी ओढणी सोडेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "देवाला तू पण जवळ हवी असशील का?"

तेव्हापासून मनात कालवाकालव चालू आहे. ज्या गोष्टीनं तिला धीर यायला हवा, तिनंच तिला घाबरवलं. येशू मरणातून उठला त्याचा सण, ईस्टर, दोन आठवड्यांवर आलाय. नवे कपडे, चॉकलेटची अंडी एवढ्यावर भागवून मोकळं व्हायचं नाही मला. ईस्टर काय आहे ते तिला कळावं असं मनापासून वाटतं, पण पाच वर्षांच्या पोरीला काय आणि किती सांगायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

शब्बाथशाळेतली ताई

दवबिंदू, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. ते वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून कधी ना कधी गेलेलं आहे. पण ते मागे घ्यायला हवं, आणि तेही आजच. मुलीला जवळ घेऊन सरळ सांगा, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले. देवानं आजोबांना ओढून नेलं नाही. आजोबांचं शरीर आजारानं फार थकलं आणि थांबलं."

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग बरीच वर्षं घेतेय. या वयाच्या मुलांना मरण म्हणजे कायमचं थांबणं ही गोष्ट अजून पुरती उमगलेली नसते. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ती हळूहळू कळू लागते, कुणाला आधी, कुणाला नंतर. त्याआधी त्यांच्या लेखी माणूस "गेला" म्हणजे परत येणार. म्हणून तुमच्या लेकीचा प्रश्न तिच्या वयाला अगदी धरून आहे. तोच प्रश्न ती आणखी वीस वेळा विचारेल. वीसही वेळा तेच उत्तर द्या. आपण उत्तर बदललं की मुलांना वाटतं, काहीतरी लपवताहेत.

"झोपले", "देवाघरी गावाला गेले", "तारा झाले" हे शब्द टाळा. झोपेची भीती बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तिचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ख्रिस्ती विश्वासात आहे, फक्त ते आपण मोठ्यांच्या भाषेत पाठ केलेलं असतं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला "प्रथमफळ" म्हटलंय. झाडाला पहिलं फळ लागलं की आपण म्हणतो, आता बाकीची येणार. तिला म्हणा, "आजोबा अजून उठले नाहीत. येशू सगळ्यांत पहिला उठला. तो म्हणाला, मी तुम्हालाही उठवीन. कधी, ते आपल्याला माहीत नाही. म्हणून आपण वाट बघतो." एवढंच. स्वर्ग कसा असतो वगैरे पुढचं ती विचारेपर्यंत सांगू नका.

आणि एक गोष्ट मात्र जरूर सांगा. येशूचा मित्र लाजार मेला तेव्हा येशू त्याच्या कबरेपाशी रडला. आपण याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. योहानानं लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, अकराव्या अध्यायात ते वचन अवघ्या दोन शब्दांचं आहे, "येशू रडला." आजोबांची आठवण येऊन रडू आलं तर ते विश्वास कमी पडल्यामुळे नव्हे, हे पाच वर्षांच्या मुलीलाही कळतं.

एक_बाबा

ताई, "वाट बघतो" हे फार पटलं.

माझा अनुभव उलट टोकाचा. आम्ही ठरवलं होतं, मुलगा लहान आहे, रक्तबिक्त नको. तीन वर्षं त्याला नुसती आनंदाची बाजू सांगितली. येशू जिवंत आहे, टाळ्या, गाणी. मग चार वर्षांचा असताना एका चर्चमध्ये मोठा क्रूसमूर्तीचा पुतळा त्यानं पहिल्यांदा नीट पाहिला. खिळे, कुशीतली जखम, सगळं. तो किंचाळला आणि मला म्हणाला, "हे कुणी केलं? तू मला का नाही सांगितलंस?"

तो "तू मला का नाही सांगितलंस" मला आजही ऐकू येतो. येशू उठला त्या रविवारच्या घाईत तो मेला तो शुक्रवार गाळता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पण सांगायचा तरी किती? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पायवाट

किती सांगायचा ते मला सांगता येणार नाही, पण काय सांगायचं नाही ते नक्की सांगू शकतो.

मी सात वर्षांचा असताना आमच्या वर्गावरच्या बाई प्रत्येक मुलाच्या हातात एक खिळा द्यायच्या. खरा, लोखंडी. "तू खोटं बोललास तेव्हा हा खिळा तू ठोकलास." त्यांचा हेतू चांगलाच असणार, पापाची जाणीव व्हावी म्हणून. मी त्या आठवड्यात पेन्सिल चोरली होती. रात्री मुठीत तो खिळा धरून मी पांघरुणात पडून होतो आणि माझी पक्की समजूत झाली होती की मी एका माणसाला मारलंय. आईलाही सांगितलं नाही. कित्येक वर्षं गुड फ्रायडे आला की पोटात गोळा यायचा.

येशू आपल्या पापांसाठी मरण पावला हे मी आज मनापासून मानतो. पण सात वर्षांच्या पोराला "साठी" आणि "मुळे" यांतला फरक कळत नाही. कृपा करून मुलांच्या हातात खिळे देऊ नका.

मेणबत्ती

पायवाट, वाचून डोळे भरून आले. हे इथे लिहिल्याबद्दल आभार.

शब्बाथशाळेतली ताई

पायवाट यांच्या प्रतिसादाला शब्दाशब्दाचं अनुमोदन. वर्ग घेणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा.

एक_बाबा, मी शुक्रवार असा सांगते. आवाज न चढवता, चित्र न दाखवता, चार-पाच वाक्यांत. "काही बलवान लोकांना येशूची भीती वाटू लागली. त्यांनी त्याला धरलं. त्याचे मित्र पळून गेले. रोमी सुभेदार पिलात यानं त्याला वधस्तंभावर मारायचा हुकूम दिला. येशू पळून गेला नाही. त्यांना क्षमा कर, असं तो देवाला म्हणाला. मग तो मेला, आणि त्याची आई तिथेच उभी होती." सहा वर्षांखालच्या मुलांना एवढं पुरे. जखमांचं वर्णन नाही, फटके मोजणं नाही. क्षमेचं वाक्य मात्र कधीच गाळत नाही. आणि आई उभी होती हेही नाही. मुलं पहिल्यांदा तेच विचारतात, "त्याची आई कुठे होती?"

मुलांना चटकन खलनायक हवा असतो, तिथे एक जपा. "यहुद्यांनी (ज्यूंनी) मारलं" असं जुन्या पिढीत सर्रास सांगितलं जायचं. येशू यहुदी, मरीया यहुदी, त्याचा शिष्य पेत्र यहुदी, कबरेवर गेलेल्या बायका यहुदी. शिक्षा रोमी होती आणि हुकूम रोमी सुभेदाराचा. कॅथॉलिक चर्चनं तर 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट म्हटलं की तो दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. मुलांच्या मनात एखाद्या समाजाबद्दल अढी बसायला एक वाक्य पुरतं.

जुनीवही

ही चर्चा चालू असताना जरा वेगळं लिहितोय, पण धाग्याशी संबंध आहे. माझी नात नऊ वर्षांची. तिनं मला कोंडीत पकडलं, "शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट म्हणजे दीडच दिवस झाला. तीन कसे?" मोठ्या मुलांचे प्रश्न असे हिशेबाचे असतात आणि त्यांना टोलवलं की ती सगळ्याच गोष्टीवरचा विश्वास काढून घेतात.

उत्तर सोपं आहे. त्या काळी यहुदी लोक दिवसाचा थोडासा भाग आला तरी तो पूर्ण दिवस धरत. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. शिवाय त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. म्हणूनच शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत घाईघाईनं अरिमथाईकर योसेफानं देह मागून घेतला आणि कबरेत ठेवला, कारण सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, लागणार. आणि म्हणूनच बायकांना सुगंधी द्रव्यं लावायला रविवारच्या पहाटेपर्यंत थांबावं लागलं. हे कळल्यावर नातीला ती घाई डोळ्यांसमोर दिसली. "म्हणजे त्यांना नीट निरोपही देता आला नाही," म्हणाली.

दुसरा प्रश्न, नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरला, मग ईस्टर का हलतो? यासाठी चंद्र दाखवा. हा सण यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी बांधलेला आहे, आणि वल्हांडण पौर्णिमेचं. इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटले त्याची ती आठवण, आणि येशूचं शेवटचं भोजन त्याच सणाच्या दिवसांतलं. वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळ्या दिवशी ईस्टर पाळत होत्या, म्हणून 325 साली निकियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरलं. पुढे नियम रूढ झाला तो असा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, आकाशातल्या पौर्णिमेशी कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मध्येच पडतो. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगानं गणित करतात, म्हणून त्यांचा बहुधा वेगळ्या दिवशी येतो. 2024 साली आपला 31 मार्चला होता, त्यांचा 5 मेला. 2025 साली मात्र दोघांचाही 20 एप्रिललाच.

नात आता रोज रात्री खिडकीतून चंद्र बघते आणि मला सांगते, "अजून भरला नाही."

सहजच

अंड्यांचं काय करायचं? मी घरात अंडी आणि ससा पूर्ण बंद केलेत. मुलांना सण विचारला की "चॉकलेट" म्हणतात. मला वाईट वाटतं.

जुनीवही

सहजच, ससा बंद केलात तर गोष्टीचं काही नुकसान नाही. त्याचा शुभवर्तमानाशी काडीचा संबंध नाही. ससा अंडी आणतो ही जर्मन भाषक प्रदेशातली लोककथा, सतराव्या शतकात तिचा लेखी उल्लेख सापडतो.

अंड्याचं तसं नाही. मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत, त्यामुळे चाळीस दिवसांत घरात अंडी साठत आणि उपवास सुटला की तीच पहिली ताटात येत. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ती लाल रंगवायची जुनी रीत आहे, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. म्हणजे अंड्यामागे आधी उपवास होता. उपवास गेला आणि अंडं उरलं, दुखणं ते आहे. मुलांनी चाळीस दिवस एखादी आवडती गोष्ट आपणहून सोडली असेल, तर त्या सकाळी तीच हातात पडते तेव्हा त्यांना सणाची चव वेगळी सांगावी लागत नाही.

शब्बाथशाळेतली ताई

मी वर्गात अंडं वापरते, पण रिकामं. टरफल तेवढं. बाहेरून कबरेसारखं बंद, निर्जीव दिसणारं. आतून कुणीतरी फोडून गेलंय. मुलं ते हातात घेऊन खूप वेळ आत बघत राहतात. सहजच, बंद करण्यापेक्षा असं करून बघा असं मला वाटतं, पण तुमच्या घरचा निर्णय तुमचा.

मेणबत्ती

आम्ही कॅथॉलिक. आमच्याकडे मुलांना सगळ्यांत जास्त शिकवते ती ईस्टरच्या आदल्या शनिवारची रात्र. मी लेकाला साडेतीन वर्षांचा असल्यापासून नेते. लोक म्हणतात, एवढ्या उशिरा लहान मुलाला कशाला. झोपला तर झोपला मांडीवर.

चर्चमध्ये मिट्ट काळोख. बाहेर नवा अग्नी पेटवतात. त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटते. तिच्यावर क्रूस कोरलेला, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली-शेवटची अक्षरं, चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे आणि पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे. मग ती एकटी ज्योत काळोखातून पुढे येते आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. आमच्या रांगेपर्यंत उजेड यायला वेळ लागला. लेक श्वास रोखून बघत होता. शेजारच्या आजींनी त्याची वात पेटवली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आजींचा उजेड कमी नाही झाला."

त्या वर्षी मी त्याला एक अक्षरही समजावून सांगितलं नव्हतं.

आणखी एक. उपवासकाळात आम्ही आलेलुया, म्हणजे "देवाची स्तुती करा", म्हणत नाही. सहा आठवडे तो शब्द बंद. घरी आम्ही तो एका कागदावर लिहून डब्यात ठेवतो. मुलं गाताना चुकून म्हणतात आणि तोंडावर हात ठेवतात. त्या रात्री जेव्हा सगळं चर्च एकदम आलेलुया गातं, तेव्हा काय परत आलंय हे त्यांना कळतं, कारण ते गेलं होतं हे त्यांना माहीत असतं.

मुलांना हातात धरता येईल अशा वस्तूंतून शिकवायच्या पद्धतीबद्दल कुणाला रस असेल तर सोफिया कावालेत्ती यांचं काम बघा. रोममध्ये 1954 साली त्यांनी आणि माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी ते सुरू केलं. तीन वर्षांच्या मुलांपासून. कबरेची लहानशी प्रतिकृती, लोटता येईल असा दगड, छोट्या लाकडी आकृत्या. मोठ्यांनी कमी बोलायचं आणि मुलांनी हाताळायचं.

शब्बाथशाळेतली ताई

मेणबत्ती यांनी कावालेत्तींचं नाव काढलं ते बरं झालं. आम्ही प्रॉटेस्टंट असूनही आमच्या वर्गात तशी कबर आहे, एका पालकांनी मातीची करून दिलेली. तिच्याशी खेळताना मी मुलांना समजावत बसत नाही, फक्त विचारते. "बायका वाटेनं चालताना काय बोलत असतील?" शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कानं ते लिहूनच ठेवलंय. त्यांना काळजी एवढीच होती की ती जड धोंड आपल्यासाठी कोण लोटेल. मुलांना हे फार आवडतं, कारण ती चिंता त्यांच्या आकाराची आहे.

मग त्या धावत जाऊन सांगतात आणि पुरुषांना ती नुसती बडबड वाटते. लूकच्या चोविसाव्या अध्यायात तसंच आहे. वर्गातल्या मुली इथे हमखास चिडतात. चिडू द्यावं. पुनरुत्थानाची पहिली बातमी बायकांनी आणली आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे मुलग्यांनाही लहानपणीच कळलेलं चांगलं.

पण दवबिंदू, तुमच्या लेकीसाठी मी योहानाचा विसावा अध्याय निवडेन. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे. मागे वळते, कुणीतरी उभं आहे. तिला वाटतं, हा माळी. तिला त्याचा चेहरा ओळखू येत नाही, आवाजही नाही. मग तो फक्त तिचं नाव घेतो, "मरीये!" आणि ती ओळखते.

माझ्या मते लहान मुलांसाठी सगळा ईस्टर या एका हाकेत आहे. पुनरुत्थान म्हणजे काय हे त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही, मला तरी कुठे येतं. पण आपलं माणूस आपल्याला नावानं हाक मारतं तेव्हा काय होतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मरण त्या हाकेला गिळू शकलं नाही. मी मुलांना हे असंच सांगते, आणि मग प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारते. वर्ग अगदी शांत होतो.

एक_बाबा

रात्री मुलाला हे सांगितलं. म्हणाला, "माझं पाळण्यातलं नाव की शाळेतलं?"

दवबिंदू

सगळ्यांचे कसे आभार मानू. प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय.

ताईंनी सांगितलं तसं त्याच रात्री मागे घेतलं. "मी चुकीचं बोलले" म्हटल्यावर तिनं मोठ्ठा श्वास सोडला. मग विचारलं, "मग मी पण वाट बघू?" म्हटलं, आपण दोघी बघू.

प्रथमफळ वाचून मला बी पेरायचं सुचलं. गव्हाचा दाणा भुईत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असं येशूनंच म्हटलंय. आमच्याकडे घेवड्याचं बी होतं. एका पेल्यात माती घालून तिच्या हातानं पेरलं. तिनं त्याला "टाटा" केला. इथपर्यंत छान.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पेल्याभोवती माती सांडलेली आणि ही बी हातात घेऊन रडतेय. "तिसरा दिवस झाला तरी उठलं नाही," म्हणून उकरून काढलं होतं. बी फुगलेलं होतं, दोरीच्या टोकाएवढं पांढरं मूळ फुटलेलं, आणि उकरताना तेच मोडलं. काय समजवायचं मला कळेना. शेवटी दुसरं बी पेरलं आणि म्हटलं, हे किती दिवसांनी उठेल ते ना तुला माहीत, ना मला. मातीत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. उकरलं की मोडतं.

आता पेल्यावर हाताची ओंजळ धरून बसते. विचारते, "आत काही चाललंय का?" मी म्हणते, चाललंय.

पायवाट

दवबिंदू, "उकरलं की मोडतं" हे माझ्यासाठीही लिहिलंत असं वाटलं.

जुनीवही

एक लक्षात ठेवा, ईस्टर एका दिवसात संपत नाही. पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत चालतो. मुलांना उरलेल्या गोष्टी एकेक करून सांगायला सात आठवडे हातात आहेत. शंका घेणारा शिष्य थोमा आहे, अम्माऊस गावाच्या वाटेवर उठलेला येशू ज्यांना भेटला ते दोघे आहेत.

नातीला सर्वांत भावली ती सरोवराकाठची सकाळ. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे परततात, काठावर कुणीतरी उभं असतं, आणि मग जाळ्यात 153 मोठे मासे. योहानानं आकडा मोजून लिहिलाय, त्यामुळे मुलांचा विश्वास बसतो. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे भाजताहेत. कोळशाचा विस्तव त्याच शुभवर्तमानात याआधी एकदाच येतो. त्याच्याशी शेकत उभा असताना पेत्रानं म्हटलं होतं, मी त्याचा शिष्य नाही. तीन वेळा नाकारलं. आता विस्तवाशी येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? नात हिशेबी, तिनं लगेच जोडलं, "तीन वजा तीन." मित्राशी वाईट वागल्यानंतर काय होऊ शकतं, हे तिला मी याहून चांगलं सांगू शकलो नसतो.

सहजच

हे आमच्याकडे यंदा नक्की. आणि टरफल पण ठेवतेय, ताई.

दवबिंदू

सण झाला. उशिरा लिहितेय, माफ करा.

शनिवारी रात्री आम्ही घरातच कबर केली. बुटांच्या खोक्याची. तिनं अंगणातला तिला उचलेल एवढा मोठा दगड आणला आणि दाराशी लावला. आत रुमालात गुंडाळलेली लाकडी आकृती ठेवली. ती झोपल्यावर मी आकृती काढून घेतली आणि रुमाल घडी करून ठेवला, कारण योहानात तसं आहे, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला.

पहाटे उजाडायच्या आत तिला उठवलं. चुलीपाशीही दिवा लावला नाही, फक्त एक मेणबत्ती. हातात अत्तराचा बोळा घेऊन ती चालत आली, त्या बायकांसारखी. वाटेत मला कुजबुजत म्हणाली, "दगड कोण लोटणार?" मग स्वतःच लोटला. आत हात घातला. घडी केलेला रुमाल बाहेर काढून बराच वेळ बघितला. "घाईत नाही गेला," म्हणाली. "घडी घालून गेला."

मी तिच्या मागे उभी होते. तिचं नाव घेतलं. ती वळली. मला मिठी मारून म्हणाली, "आजोबा मला पिल्लू म्हणायचे. त्यांना आठवेल ना?" मी म्हटलं, येशूला आठवेल. तो कुणाचंच नाव विसरत नाही. मला तेवढंच खात्रीनं सांगता आलं.

बी त्याआधी चार दिवस उगवलं होतं, पेरल्यापासून नवव्या दिवशी. मान वाकवून वर आलं आणि डोक्यावर जुनी साल टोपीसारखी अडकलेली. रविवारी दुपारी ती साल गळून मातीवर पडली होती. तिनं ती दोन बोटांत उचलली, खोक्यातल्या रुमालाशेजारी नेऊन ठेवली आणि मला हाक मारली, "आई, बघ, बीचे कपडे."